विज्ञानशिक्षकांची परिषद आणि प्रकाशकाचें आसन

विज्ञानशिक्षकांची परिषद भरली कीं मंडपाच्या दाराशीं पुस्तकविक्रेत्यांचीं मेजें मांडलेलीं दिसतात, आणि पुष्कळदां अध्यक्षांच्या भाषणापेक्षां तेथेंच गर्दी अधिक असते. या दृश्याची टर उडविण्याचा आमचा हेतु नाहीं. शिक्षकाला पुस्तक पाहिजे व प्रकाशकाला गिऱ्हाईक पाहिजे. यांत पाप तें कोणतें? प्रश्न एवढाच कीं, प्रकाशकानें या मंडपांत विक्रेता म्हणून यावें कीं विद्यार्थी म्हणून?

नाशिककरांनीं हा प्रश्न विशेष आस्थेनें विचारला पाहिजे. १८४० पासून सार्वजनिक वाचनालय चालविणाऱ्या या नगरींतच डिसेंबर २०२१ मध्यें मराठी साहित्य संमेलन भरलें, आणि त्याचें अध्यक्षपद खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांस देण्यांत आलें. मराठींत विज्ञान सांगणाऱ्याचा याहून मोठा मान कोणता? परंतु मान व्यासपीठावर आणि घोकंपट्टी वर्गांत, ही स्थिति किती दिवस चालावयाची? दहावीच्या मुलाच्या हातीं पाठ्यपुस्तकाबरोबर मार्गदर्शक येतें, आणि त्यांत प्रयोगाचें निरीक्षण व अनुमान आधींच छापलेलें असतें! दिवा न पेटवितांच ज्योतीचा रंग पाठ होतो.

कोणी म्हणेल, मार्गदर्शकें खपतात म्हणून छापलीं जातात. दोष परीक्षेचा आहे. हें म्हणणें अर्धेंच खरें. मध्यप्रदेशांत तेव्हांच्या होशंगाबाद जिल्ह्यांत १९७२ मध्यें सोळा शाळांतून विज्ञानशिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू झाला. त्यांत शिक्षकांच्या बैठकांतून ज्या अडचणी पुढें येत त्यांवरून पुस्तक दुरुस्त होई; परीक्षेंत मुलाला प्रत्यक्ष प्रयोग करावा लागे, आणि पुस्तक उघडें ठेवण्याची मुभा असे. २००२ मध्यें सरकारनें तो बंद केला. पण पुस्तक व परीक्षा दोन्ही बदलतां येतात हें तीस वर्षांच्या अनुभवानें सिद्ध झालें.

दुसरें उदाहरण घरचेंच आहे. १९६७ मध्यें स्थापन झालेल्या बालभारतीच्या पुस्तकांत २०२३ पासून टिपणांसाठीं कोरीं पानें घालण्यांत आलीं. मुलें वह्याहि आणीतच राहिलीं, आणि जानेवारी २०२५ मध्यें तो निर्णय मागें घ्यावा लागला. पुस्तकाची खरी कसोटी वर्गांतच लागते, हा त्यांतील धडा होय.

तेव्हां करावें काय? कोणीहि स्वतःच्या खटल्यांत न्यायाधीश होऊं नये, हें न्यायाचें जुनें तत्त्व आहे. जो शिक्षक शाळेसाठीं पुस्तक निवडतो त्यानें प्रकाशकाची भेट वा मानधन घेऊं नये. घेतलें असल्यास निवडीच्या वेळीं बाजूस सरावें. प्रकाशकानें मेज मंडपाबाहेर मांडावें, पण स्वतः आंत येऊन शेवटच्या बांकावर बसावें. छापून झालेल्या ग्रंथाऐवजीं कच्चीं मुद्रितें आणावीं. कोणता प्रयोग वर्गांत फसला, पेठ-सुरगाण्याकडील शाळेला कोणतें साहित्य मिळणें कठीण जातें, हें शिक्षकांच्या तोंडून ऐकून टिपून घ्यावें. असें पुस्तक खपणारहि नाहीं, अशी भीति ज्यांस वाटते त्यांनीं शिक्षकांची पारख कमी लेखली आहे.

स्वराज्य मिळून पाऊणशें वर्षें लोटलीं. ज्या मुलाला स्वतःच्या डोळ्यांनीं पाहण्याची संवय लागली नाहीं, तें परक्याच्या अनुमानावरच जगणार. तें पाप एकट्या शिक्षकाच्या माथीं मारून प्रकाशकाला हात झटकतां येणार नाहींत.