वळचणीची फळी : झांकावी कीं बदलावी?

आगोट जवळ आली म्हणजे कोंकणांतील शेतकरी शेताच्या बांधांबरोबर घराच्या शाकारणीकडेही वळतो. कौलें चाळलीं जातात, फुटकीं बदललीं जातात. परंतु वाशांच्या टोकांवर ठोकलेल्या वळचणीच्या फळीकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. अलीकडे तर काळवंडलेल्या फळीवरच प्लॅस्टिकची किंवा ॲल्युमिनियमची पट्टी मारून घेण्याचा प्रघात पडत आहे. त्यानें घर नव्यासारखें दिसूं लागतें व रंगाचा खर्च वाचतो, हें खरें. तथापि जेथें मूळ फळी कुजलेली आहे तेथें हा मार्ग हिताचा नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे.

लांकूड केवळ भिजल्यानें कुजत नाहीं. भिजून वाळावयास न मिळाल्यानें कुजतें. त्यांतील ओलावा शेंकडा २० च्या वर बराच काळ राहिला म्हणजे बुरशी तें खाऊं लागते. वाशाचें टोंक आडव्या कापाचें. पाणी तेथूनच सर्वांत वेगानें आंत शिरतें. उघडी फळी उघडीप मिळतांच वाऱ्यानें सुकते. वरून पट्टी मारली कीं तीच ओल आंत कोंडते, आणि वाळवीसही असा ओला अंधार मानवतो. फळी गेली तर नवी येते. तिच्या आडून वासे गेले तर छप्परच उतरवावें लागतें. त्याच छपराखालीं वर्षाचें भात व बियाणें असतें, हें विसरून चालणार नाहीं.

उरण तालुक्यांतील मोऱ्यासारख्या बंदराच्या गांवीं हा धोका अधिक. खाऱ्या हवेनें साधा लोखंडी खिळा गंजून फुगतो व फळीस चिरा पाडतो. ता. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां कौलें व पत्रे कसे उडाले हें जिल्ह्यानें पाहिलें आहे. वारा छपरास प्रथम धरतो तो वळचणीसच.

मग करावें काय? चैत्र-वैशाखांत कडेच्या कौलांची ओळ उतरवून संशयित फळी काढावी. वाशांचीं टोंकें अणकुचीदार खिळ्यानें टोंचून पाहावीं. खिळा सहज शिरला तर कुजका भाग निरोगी लांकडापर्यंत कापून नवा तुकडा जोडावा. नवी फळी सागाच्या गाभ्याची घ्यावी. बाहेरचें पांढरें लांकूड सागाचें असलें तरी टिकत नाहीं. बसविण्यापूर्वीं तिच्या सर्व अंगांस, विशेषतः कापलेल्या टोंकांस, तेल पाजावें. काजूच्या टरफलाचें तेल किनाऱ्यावर होड्यांस लावीत आले आहेत, तें येथेंही उपयोगी पडतें. मात्र तें दाहक असल्यानें हातास लागूं देऊं नये. खिळ्यांऐवजीं पितळी किंवा न गंजणारे स्क्रू वापरावे. कौलाचें तोंड फळीच्या दोन-तीन बोटें पुढें असावें, म्हणजे पागोळी फळीवरून न वाहतां बाहेर पडते.

फळी ठणठणीत असून पट्टी मारावयाचीच असेल, तर मागें हवा खेळेल अशी फट ठेवावी. सागाची फळी एकट्यास महाग पडते, हें आम्ही जाणतों. परंतु खतें व बियाणें जशीं एकत्र घेतां येतात, तसेंच आगोटीपूर्वीं गांवानें मिळून लांकूड घेतलें व सुतार ठरविला, तर हा भार पुष्कळ हलका होईल.

जखम न धुतां तिच्यावर पट्टी बांधणारास आपण शहाणा म्हणत नाहीं. मग घरास तरी वेगळा न्याय कां लावावा?