मेंदूचा मुका मार

आपल्या पालकांचं एक लाडकं वाक्य आहे. "काही नाही झालं, ऊठ!" गुडघा फुटला असेल तर हे वाक्य चालतं. पण पोराचं डोकं आपटलं असेल आणि तरीही मैदानाबाहेरून कोणी हेच ओरडत असेल, तर तो निव्वळ बेजबाबदारपणा आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

उदाहरण आमच्याच राज्यातलं, म्हणजे वॉशिंग्टन राज्यातलं (राजधानी नव्हे, सिएटलवालं). ऑक्टोबर २००६. झॅकरी लिस्टेड, वय वर्षे १३. शाळेची फुटबॉलची मॅच (अमेरिकन, हातात चेंडू घेऊन पळतात तो फुटबॉल!). टॅकल करताना डोकं जमिनीवर आपटलं. थोडा वेळ बाहेर बसला आणि उत्तरार्धात पुन्हा खेळायला उतरला. मॅच संपल्यावर कोसळला. मेंदूत रक्तस्राव, तातडीची शस्त्रक्रिया. पहिला शब्द बोलायला नऊ महिने लागले.

त्यातून २००९ मध्ये इथे कायदा झाला. कन्कशनची शंका आली की खेळाडू बाहेर. प्रशिक्षित वैद्यकीय व्यक्तीने लेखी परवानगी दिल्याशिवाय परत खेळ नाही. आणि दर वर्षी पालक व मुलाने माहितीपत्रक वाचून सही करायची. २०१४ पर्यंत अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत असे कायदे आले. छान. पण ती सही आपण करतो कशी? सॉफ्टवेअर टाकताना 'मला मान्य आहे' वर टिचकी मारतो, तशी!

मग घरगुती निदान सुरू होतं. "शुद्ध हरपली नव्हती ना? मग ठीक आहे." अहो, कन्कशन झालेल्या बहुतेक मुलांची शुद्ध हरपतच नाही. डोकेदुखी, गरगरणं, उत्तर द्यायला उशीर, उजेडाचा त्रास, विनाकारण चिडचिड, तोच प्रश्न परत परत. ही खरी लक्षणं, आणि काही वेळा ती काही तासांनी, अगदी दुसऱ्या दिवशीही उगवतात.

दुसरी अंधश्रद्धा स्कॅनची. "सीटी स्कॅन नॉर्मल आला, आता खेळू दे." सीटी स्कॅन रक्तस्राव आणि कवटीचं फ्रॅक्चर शोधतो. कन्कशन हा मेंदूचा मुका मार. आमच्या भाषेत सांगायचं तर हार्डवेअर शाबूत, पण प्रोग्रॅम अडखळतोय. स्कॅनमध्ये तो सहसा दिसतच नाही. शिवाय स्कॅन म्हणजे किरणोत्सर्ग. ४२ हजारांहून जास्त मुलांच्या अभ्यासातून २००९ मध्ये आलेले नियम, कोणाला स्कॅनची गरज नाही हे डॉक्टरांना ठरवता यावं म्हणूनच आहेत. तेव्हा स्कॅनसाठी हट्ट धरू नका. आणि डॉक्टरांनी करा म्हटलं तर टाळूही नका.

मात्र वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलट्या, झटके, अडखळतं बोलणं, लहानमोठ्या बाहुल्या, किंवा मूल जागंच होत नाही असं काही दिसलं, तर हा लेख बाजूला ठेवा आणि थेट इमर्जन्सी गाठा.

एरवी विश्रांती. पण अंधाऱ्या खोलीत आठवडाभर कोंडून नव्हे! २०१५ च्या एका प्रयोगात पाच दिवस सक्तीची विश्रांती घेतलेल्या मुलांनी एक-दोन दिवस विश्रांती घेतलेल्यांपेक्षा जास्तच त्रास सांगितला. आता सल्ला असा: एक-दोन दिवस बेताने, स्क्रीन कमी, मग थोडं चालणं, मग शाळा, आणि खेळ पायरी-पायरीने सगळ्यात शेवटी. आपला क्रम काय? दुसऱ्याच दिवशी गणिताचा क्लास. "फी भरली आहे ना!"

डिसेंबर २०२० मध्ये कॅनबेराला जडेजाच्या हेल्मेटवर चेंडू बसला, बदली म्हणून चहल आला आणि तीन बळी घेऊन गेला. आपली चर्चा कशावर? ऑस्ट्रेलियाला कसं गंडवलं! आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये २०१९ पासून हा बदली खेळाडूचा नियम आहे. पगारी, हेल्मेटधारी, मोठ्या माणसांना ही सवलत, आणि आपल्या दहा वर्षांच्या पोराला "ऊठ, शूर ना तू?"

असो. मुद्दा एकच. बाहेर काढायचं की नाही हे पोराला विचारू नका. ते "मी बरा आहे" असंच सांगणार, त्याला खेळायचं असतं. जिंकायची घाई झालेल्या बापालाही विचारू नका. शंका आली, की बाहेर. मॅच काय, पुढच्या शनिवारीही आहेच.