रणगाडा ओळखावा कसा?

डोंबिवली पूर्वेच्या घरडा चौकात, कॅप्टन विनयकुमार सच्चान यांच्या स्मारकापाशी, सैन्यातून निवृत्त झालेला एक टी-55 रणगाडा 2023 साली आणून ठेवला आहे. दिवाळीच्या सुट्टीत कल्याण-ठाण्याहून पाहुणे आले, की त्यांचीही तेथे एक फेरी होते. "बाबा, हा कुठला रणगाडा?" असे चिरंजीव विचारतात. "अरे, रणगाडा म्हणजे रणगाडा!" असे बाबा उत्तर देतात. बाबांचा तरी काय दोष? रस्त्यावरची मोटार कोणत्या कंपनीची, हे लांबून सांगणारे आपण, रणगाड्यापुढे मात्र निरक्षर असतो. तेव्हा या खेपेस ती बाराखडी गिरवू.

पहिले अक्षर चाकांचे. पोलादी पट्ट्याच्या आतली मोठी चाके एका बाजूने मोजावीत. टी-55 ची पाच भरतात, आणि पुढून पहिल्या व दुसऱ्या चाकांत दात पडल्यासारखी फट दिसते. त्याच्याच घराण्यातल्या टी-62 लाही चाके पाचच, पण फटी मागच्या बाजूला. चेन्नईजवळच्या आवडी येथे 1965 पासून तयार झालेल्या विजयंताला सहा, टी-72 लाही सहा, तर आपल्या अर्जुनाला सात.

दुसरे अक्षर बुरुजाचे. टी-55 चा बुरूज पालथ्या घातलेल्या कढईसारखा गोल आणि बसका असतो. तिसरे अक्षर तोफेच्या नळीवरच्या फुगवट्याचे. गोळा सुटल्यावर धूर बुरुजात न शिरता बाहेर जावा, यासाठी तो असतो. विजयंताचा फुगवटा नळीच्या मध्याजवळ, तर 100 मिलिमीटर तोफेच्या मूळ टी-55 चा अगदी तोंडाशी.

हा सारा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर 1971 च्या युद्धात आहे. छांबच्या लढाईत आपल्याकडे टी-54 आणि टी-55 होते. समोर पाकिस्तानचे टी-59 होते, म्हणजे टी-54 चीच चिनी नक्कल! तीच पाच चाके, तीच कढई. धुळीत, अंधारात आपला कोण आणि शत्रू कोण? क्षणभर विचारात गेला तर शत्रूचा गोळा आपल्यावर. घाई केली तर आपला गोळा आपल्याच भावावर. म्हणून त्या युद्धात आपल्या रणगाड्यांच्या नळीवर मध्यभागी एक खोटा फुगवटा बसवला होता. धुराशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. तो केवळ ओळखीचा टिळा होता!

आता आत डोकावू. छत्तीस टनांच्या या धुडात माणसे चार. चालक पुढे डाव्या हाताला. त्याच्यापुढे मोटारीसारखे चक्र नसते. दोन दांडे ओढून तो गाडी वळवतो. लढाईत डोक्यावरचे झाकण बंद झाले, की काचेच्या चिंचोळ्या झरोक्यांतून दिसेल तेवढेच त्याचे जग. बुरुजात तोफेच्या डावीकडे तोफची बसतो, आणि त्याच्या पाठीशी, जवळजवळ गुडघे टेकवून, नायक. तोफेच्या उजवीकडे गोळे भरणारा. पंचवीस-तीस किलोंचा गोळा उचलायचा आणि हलत्या गाडीत, अवघडून, तोफेच्या पोटात ढकलायचा, हे त्याचे काम. सकाळच्या लोकलमध्ये डोंबिवलीला चढणाऱ्यालाच त्या दाटीची थोडीफार कल्पना यावी. मात्र लोकलमध्ये उतरायला ठाणे तरी येते!

नायकाला लक्ष्य दिसले, की तो कानाला लावलेल्या यंत्रातून हुकूम सोडतो : कोणता गोळा, कोणते लक्ष्य, किती अंतर. गोळा भरल्याची आरोळी येते. तोफची नेम धरतो. नायक "फायर" म्हणतो. तोफ झटक्याने मागे येते आणि तापलेले रिकामे काडतूस आत पडते. इतक्यात पुढच्या गोळ्याला हात गेलेला असतो. चौघांपैकी एकाने जरी क्षणभर कच खाल्ली, तरी उरलेल्या तिघांचे कौशल्य वाया. टी-72 मध्ये गोळे भरण्याचे काम यंत्र करते, म्हणून तेथे माणसे तीनच. अर्जुनात मात्र पुन्हा चार.

हौस वाढली तर अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, अवश्य जावे. चिलखती दलाच्या त्या गावी 1994 पासून रणगाड्यांचे संग्रहालय आहे, आणि देशोदेशींचे रणगाडे तेथे ओळीने उभे आहेत. तोवर आपला घरडा चौक आहेच. मुलांना घेऊन जा, चाके मोजायला लावा, फट शोधायला सांगा. आणि परतण्यापूर्वी स्मारकावरचे नावही त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्या.