‘वैमानिकाची चूक’ म्हटले की प्रश्न मिटतो काय?

२५ मे २०१७ रोजी तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचे हेलिकॉप्टर आमच्या निलंग्यात उड्डाण घेताच तारांना अडकून कोसळले. सुदैवाने सर्वजण बचावले. पण चौकशी सुरू होण्याआधीच इथल्या चहाच्या हॉटेलात निकाल लागून गेला होता : पायलट चुकला! अपघात विमानाचा असो की ट्रकचा, आपल्याकडे पहिला आरोपी ठरलेला असतो. ज्याच्या हाती स्टिअरिंग, तोच गुन्हेगार. त्याला तिथे कोणी बसवले, किती तासांच्या जागरणानंतर बसवले, हे विचारायची गरज कुणाला वाटत नाही.

मराठवाड्याने याहून भीषण अपघात पाहिला आहे. २६ एप्रिल १९९३ रोजी तेव्हाच्या औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळावरून उडणारे इंडियन एअरलाइन्सचे विमान धावपट्टीपलीकडच्या बीड रस्त्यावर कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकले. ५५ माणसे गेली. चौकशीने दोन कारणे नोंदवली. एक, वैमानिकांनी विमान उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचलले. दोन, उड्डाणाच्या वेळी त्या रस्त्यावरच्या वाहतुकीचे नियमन करण्यात राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण अपयशी ठरले. म्हणजे चुकीचे वाटेकरी दोन होते. वरच्या वाटेकऱ्याचे नाव घ्यायला मात्र आपण विसरतो.

आता मालवाहू विमानाचे उदाहरण पाहा. १४ ऑगस्ट २०१३ च्या पहाटे यूपीएस कंपनीचे मालवाहू विमान अमेरिकेतील अलाबामा राज्यात, बर्मिंगहॅम विमानतळावर उतरताना धावपट्टीच्या अलीकडेच कोसळले. दोन्ही वैमानिक ठार झाले. विमान नीट स्थिरावलेले नसताना त्यांनी उतरणे चालूच ठेवले आणि उंचीकडे लक्ष ठेवले नाही, असा निष्कर्ष चौकशी मंडळाने काढला. चूक त्यांचीच होती. परंतु त्याच अहवालात थकव्याचीही नोंद आहे. अपघातापूर्वीच्या ध्वनिमुद्रणात हे दोघे विश्रांतीच्या नियमांबद्दलच बोलत होते!

कोणते नियम? अमेरिकी सरकारने वैमानिकांच्या विश्रांतीचे कडक नियम २०११ मध्ये जाहीर केले आणि जानेवारी २०१४ पासून ते अमलात आणले. मात्र मालवाहू वैमानिकांना त्यातून वगळले. कारण दिले खर्चाचे. तो नियम असता तर हा अपघात टळला असता, असे मी म्हणणार नाही. वकिलाने पुराव्यापलीकडे जाऊ नये. पण माणसे नेणाऱ्याची झोप महाग आणि माल नेणाऱ्याची झोप स्वस्त, हा कुठला न्याय? आकाश तेच, रात्र तीच, डोळेही तसेच. मग कायद्याने ही उतरंड का रचावी?

आणि आपल्या जमिनीवर काय चालते? सोयाबीन, तूर भरलेला ट्रक घेऊन लातूरहून रात्री निघणारा ड्रायव्हर सोमवारी कुठे झोपला, मंगळवारी कुठे, याची नोंद कुणाकडे असते? बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना कारखान्यातील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणण्याचे विधेयक आले आणि १९४६ मध्ये त्याचा कायदा झाला. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने ड्रायव्हरलाही दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली. पण पाचांपेक्षा कमी कामगार असलेल्या मालकाला तो कायदा मुळात लागूच नव्हता. एक-दोन गाड्यांच्या मालकाकडचा ड्रायव्हर असा कायद्याबाहेरच राहिला.

माणूस मेला की भारतीय दंड विधानाचे कलम ३०४-अ लागत असे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ लागते. कलम बदलले, आरोपी बदलला नाही. फिर्यादीत ‘भरधाव’ आणि ‘निष्काळजीपणा’ हे शब्द ठरलेले. ‘तो किती तास जागा होता’ हे वाक्य शोधूनही सापडत नाही.

चूक करणाऱ्याला मोकळे सोडा, अशी आमची मागणी नाही. मागणी एवढीच, की प्रत्येक अपघाताच्या पंचनाम्यात चालकाच्या मागील ४८ तासांच्या कामाची आणि झोपेची नोंद सक्तीची करा आणि त्या नोंदीखाली मालकाची सही घ्या. ज्या दिवशी ही सही लागेल, त्या दिवशी अनेक मालकांना आपल्या ड्रायव्हरच्या झोपेची काळजी वाटू लागेल!