परवानगी नको, पण सांगायला हवं

अमेरिकेतल्या मराठी घरांत आयांच्या गप्पांमध्ये हल्ली एक विषय हमखास निघतो. कॉलेजला गेलेली मुलगी थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत घरी येते, भांडी विसळताना स्वेटरची बाही वर सारते आणि मनगटाच्या आतल्या बाजूला देवनागरीतली चार अक्षरं दिसतात. वडील एवढंच विचारतात, "हे कधी केलंस?" आई मात्र निकाल देऊन मोकळी होते, "आपल्यात हे असलं चालत नाही."

आपल्यात हे चालत होतं. नुसतं चालत नव्हतं, कितीतरी समाजांत मुलीच्या लग्नाआधी ते झालंच पाहिजे अशी रीत होती. आज पन्नाशी-साठीत असलेल्या अनेकांनी आजीच्या नाहीतर पणजीच्या अंगावरचं हिरवट निळं गोंदण पाहिलेलं आहे. कपाळावर एक ठिपका, हनुवटीवर एक, हातावर तुळस किंवा विंचू, कुणाच्या दंडावर देवाचं नाव. जत्रेत किंवा आठवडी बाजारात गोंदणारी बाई बसायची. काजळीत पाल्याचा रस कालवून ती सुयांनी टोचत जायची, आणि पोरीचं लक्ष दुखण्यावरून उडावं म्हणून तोंडाने गाणं चालू ठेवायची. मेल्यावर दागिने काढून घेतात, गोंदण तेवढं बरोबर येतं, असं जुन्या बायका सांगत.

मुलांना हे कळलं की त्यांच्या हातात कोलीतच मिळतं. आजीला चाललं, मग मला का नाही? ऐकायला बिनतोड वाटणारा हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. आजी तेव्हा बहुधा परकरी पोर होती. तिला मांडीवर घट्ट धरून बसवलं गेलं होतं, आणि विंचू हवा की तुळस हे दुसऱ्याच कुणीतरी ठरवलं होतं. तिच्या गोंदणात परंपरा होती, तिचा होकार नव्हता. म्हणजे आजीचा हात दोन्ही बाजूंच्या कामाचा नाही. 'आपल्यात नसतं' म्हणणाऱ्या आईला तो खोटं पाडतो, आणि 'आपल्यात असतंच' म्हणणाऱ्या मुलीला हे दाखवून देतो, की तिला जे हवं आहे ते आजीला कधी मिळालंच नव्हतं. तिला हवा आहे तो निवडीचा हक्क. वाद त्याचाच असेल तर तो त्याच नावाने घालावा.

आईवडिलांच्या मनातली अढी मात्र हवेतून आलेली नाही. अंगावरची अक्षरं म्हणजे कलंक, ही कल्पना आपल्याकडे सरकारनेच रुजवली होती. १७९७ च्या बंगाल रेग्युलेशननुसार जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदवला जाई. ही शिक्षा १८४९ मध्ये रद्द झाली. पुढे शिकलेल्या शहरी घरांतून गोंदण मागे पडलं आणि गावंढळपणाची खूण ठरलं. आज अमेरिकेत आजी-आजोबा झालेल्या पिढीने तरुणपणी, १९७५ साली, 'दीवार' हा चित्रपट पाहिला. त्यात लहानग्या विजयच्या हातावर लोक जबरदस्तीने बापाची बदनामी गोंदवतात आणि ती त्याला जन्मभर पुसता येत नाही. ज्यांच्या मनात हे चित्र बसलं आहे, त्यांना लेकीच्या मनगटावरची शाई पाहून चर्र होत असेल, तर त्यांना मागासलेलं म्हणून झटकून टाकणं अन्यायाचं आहे.

पण त्या चित्राबाहेरची अमेरिका बदलली आहे. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२३ च्या पाहणीत ३२ टक्के प्रौढ अमेरिकनांच्या अंगावर निदान एक टॅटू आढळला. स्त्रियांमध्ये हे प्रमाण ३८ टक्के होतं, पुरुषांमध्ये २७. शाळेतली शिक्षिका, दवाखान्यातली नर्स, शेजारचा सॉफ्टवेअरवाला, यांपैकी कुणाच्याही बाहीखाली तो असू शकतो. नोकरीची भीतीही पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही. एअर न्यूझीलंडने २०१९ मध्ये आणि डिस्नेच्या थीम पार्कांनी २०२१ मध्ये कर्मचाऱ्यांना दिसणारे टॅटू चालतील असं जाहीर केलं. चेहरा, मान आणि बोटं यांची गोष्ट वेगळी. तिथला टॅटू झाकता येत नाही, आणि नोकरीच्या मुलाखतीला पहिल्यांदा जाणाऱ्या मुलाने तो धोका पत्करू नये हे आईचं म्हणणं रास्त आहे.

त्याहून रास्त आहे ती तब्येतीची काळजी, आणि गंमत म्हणजे घराघरातल्या भांडणात तीच सगळ्यात कमी बोलली जाते. टॅटूची सुई कातडीत साधारण १ ते २ मिलिमीटर आत जाते आणि शाई दुसऱ्या थरात सोडते. शरीर तिला परकी समजतं. तिथल्या भक्षक पेशी शाईचे कण गिळतात, त्या पेशी मेल्या की नव्या पेशी तेच कण पुन्हा गिळतात. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवर हे दाखवून दिलं. टॅटू वर्षानुवर्षं टिकतो तो या न संपणाऱ्या देवाणघेवाणीमुळे. म्हणजे ती शाई शुद्ध असणं हा जन्मभराचा प्रश्न आहे. तरीही अमेरिकेच्या एफडीएने त्वचेत टोचण्यासाठी एकाही रंगद्रव्याला मंजुरी दिलेली नाही. युरोपीय संघाने मात्र २०२२ पासून टॅटूच्या शाईतल्या हजारो रसायनांवर निर्बंध घातले.

न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये २०११ च्या शेवटी १९ जणांच्या टॅटूवर पुरळ उठलं. टॅटू काढणाऱ्याची सुई दोषी नव्हती. आधीच पातळ करून बाटलीत भरलेल्या करड्या शाईतच जंतू होते. हा संसर्ग साध्या मलमाने जात नाही, प्रतिजैविकं दीर्घकाळ घ्यावी लागतात. स्वच्छ दिसणाऱ्या दुकानातही हे घडू शकतं, हे मुलीने ऐकून घ्यायला हवं, आणि 'लोक काय म्हणतील' याऐवजी आईने हेच बोलायला हवं. महाराष्ट्र मंडळाच्या रक्तदान शिबिरातही टॅटूचा प्रश्न पुढे येतो. सरकारी नियमनाखालच्या दुकानात काढलेला टॅटू असेल तर अमेरिकेत बहुतेक राज्यांत थांबावं लागत नाही, इतर ठिकाणी काढलेला असेल तर ३ महिने थांबावं लागतं. ब्रिटनमध्ये सरसकट ४ महिने.

राहिला पश्चात्ताप. प्यूच्याच पाहणीत टॅटू असलेल्यांपैकी २४ टक्क्यांनी आपल्याला निदान एका टॅटूचा पश्चात्ताप होतो असं सांगितलं. लेझरने टॅटू पुसता येतो, पण काही आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका लागतात, खर्च मूळ टॅटूच्या कितीतरी पट होतो, आणि काळी शाई जितकी सहज फिकी होते तितकी हिरवी-पिवळी होत नाही. आईवडिलांच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच. तरी त्याचा अर्थ 'काढू नकोस' असा होत नाही, 'घाई करू नकोस' असा होतो. हवं ते चित्र कागदावर काढून टेबलासमोर चिकटवावं आणि वर्षभर रोज बघावं. वर्षानंतरही तेच हवं असेल तर ती हौस राहत नाही, तो निर्णय होतो. प्रियकराचं नाव असेल तर दोन वर्षं थांबावं.

गणपती किंवा 'ॐ' घोट्यावर काढायचा का, याबाबत मात्र आजीचं ऐकावं. देवाची आकृती पायावर नको, ही तिची भावना मोडून मुलीला काहीच मिळत नाही. तोच गणपती दंडावर तितकाच शोभतो.

वयाची रेषा पक्की असावी. ब्रिटनमध्ये १९६९ पासून १८ वर्षांखालच्या मुलांना टॅटू काढणं हा गुन्हा आहे. अमेरिकेत नियम राज्यागणिक बदलतात आणि काही ठिकाणी पालकांच्या संमतीने आधीही चालतं. मराठी पालकांनी ती संमती देऊ नये, आणि अठरानंतर ती मागितली जाण्याची वाटही पाहू नये. सज्ञान मुलीच्या कातडीवर काय असावं हे ठरवण्याचा अधिकार तिचा आहे, कॉलेजची फी कुणीही भरत असो. तिच्यावर मात्र एक बंधन आहे. टॅटू घरच्यांना अचानक सापडेपर्यंत थांबू नये, काढण्याआधी सांगावं. मराठी घरांत आईवडील बहुतेक वेळा टॅटूवर चिडलेले नसतात, महिनाभर व्हिडिओ कॉलवर बोलताना मुलीने पूर्ण बाह्यांचे कपडे घातले होते यावर चिडलेले असतात.

आणि सांगितल्यावर आईने काय करावं? शक्य असेल तर सोबत जावं. दुकानाचा परवाना भिंतीवर लावला आहे का, सुई आपल्यादेखत सीलबंद पाकिटातून काढली जाते का, शाईच्या बाटलीवर उत्पादकाचं नाव आणि तारीख आहे का, शाई पातळ करायला नळाचं पाणी तर वापरत नाहीत ना, हातमोजे बदलतात का, हे सगळं विचारायला वीस वर्षांच्या मुलीला संकोच वाटतो. मराठी आईला वाटत नाही. तिने ते विचारावं.