ओ कोणी दिली?

मंडळी, मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेला मास्तर. नेटवर्कवर लिहिणं म्हणजे आगाऊपणाच. पण २००६ साली शाळेच्या कॉम्प्युटर रूमची किल्ली माझ्याकडे होती, तेव्हाचं एक मनात राहिलंय.

शाळेत जसं जनरल रजिस्टर, तशी नेटवर्कवर डिरेक्टरी. कोण कोण आहे, कोणाला काय उघडता येईल, याची नोंद एका सर्व्हरवर असते. गंमत म्हणजे हा सर्व्हर कुठे आहे ते प्रत्येक मशीनला सांगावं लागत नाही. चालू झालं की मशीन नेटवर्कभर हाक मारतं, 'मला पत्ता द्या.' डीएचसीपी पत्ता देतं, आणि पुढची चौकशी कोणत्या डीएनएसकडे करायची तेही सांगतं. मग मशीन डीएनएसला विचारतं, 'इथली डिरेक्टरी कुठे?' उत्तरात सर्व्हरचं नाव आणि पोर्ट येतो, बहुधा ३८९. या नोंदीला एसआरव्ही म्हणतात. विंडोज २००० पासून अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी अशीच सापडते.

प्रॅक्टिकलच्या दिवशी कोणीतरी घरचा राउटर आणून रूममध्ये जोडला. मशीननी हाक मारली आणि आमच्या सर्व्हरआधी यानेच ओ दिली! त्याला आमची डिरेक्टरी कुठून ठाऊक असणार? बऱ्याच पोरांचं लॉगिन होईना. एक मुलगी म्हणाली, "सर, माझा पासवर्ड बरोबर आहे हो!" पडद्यावरचं इंग्रजी नीट न वाचताच मी तिच्यावर ओरडलो. पोर रडली. कारण कळलं दोन तासांनी.

यावर काहीजण म्हणतात, प्रत्येक मशीनमध्ये पत्ता हातानेच भरावा. मला ते पटत नाही. सर्व्हर बदलला की सगळ्या मशीनवर पुन्हा तेच काम! आपोआप शोधणं चांगलंच आहे. पण सापडणं वेगळं आणि ओळख पटणं वेगळं. फाटकावर कोणी 'मी याचा काका' म्हणाला, तर आपण पोर हवाली करतो का? आमचा राउटर निदान निष्पाप होता. लबाड माणूस असाच मध्ये बसून पासवर्डही लाटू शकतो.

म्हणून सर्व्हरचं सर्टिफिकेट तपासलं जातंय ना, हे बघावं. स्विचमध्ये डीएचसीपी स्नूपिंगची सोय असेल तर ती चालू ठेवावी, म्हणजे भलत्याने दिलेले पत्ते अडतात. आणि खऱ्या सर्व्हरचा पत्ता एका कागदावर लिहून भिंतीला लावावा.

असो. त्या मुलीची माफी मागायची राहूनच गेली. मशीनवर विश्वास ठेवण्याआधी मी पोरीवर ठेवायला हवा होता.