फेविक्विक घरात कुठे ठेवता?

चंद्रपूर-गडचिरोलीत झटपट चिकटणारा कुठलाही द्रव म्हणजे फेविक्विक. तुटलेली चप्पल, बादलीचे बूड, मुलांची खेळणी, सगळ्यांवर तोच इलाज. किराणा दुकानात पाच-दहा रुपयांत नळी मिळते, म्हणून ती धोक्याची वस्तू वाटत नाही. काम झाले की ती खिडकीच्या फळीवर पडते, आणि बऱ्याचदा शेजारीच डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली असते. दोन्ही लहान, दोन्हींना निमुळते टोक. रात्री, चष्मा न लावता, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरचे औषध शोधणाऱ्या आजीने काय ओळखायचे?

अशी चूक झालीच तर घरचे पहिली गोष्ट करतात ती पापण्या ओढण्याची. तेवढे मात्र करू नका. कोमट पाण्याने दहा-पंधरा मिनिटे डोळा धुवा, ओली स्वच्छ घडी ठेवा आणि दवाखाना गाठा. चिकटलेल्या पापण्या बहुधा एक ते चार दिवसांत आपोआप सुटतात. पण आत कडक झालेला तुकडा बुबुळावर ओरखडे पाडतो, म्हणून तपासणी हवीच. सिरोंचा-भामरागडहून जिल्हा रुग्णालयात यायला दिवस मोडतो. तेव्हा आधी जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा.

हा द्रव वाळत नाही, तो हवेतल्या आणि कातडीवरच्या ओलाव्याने घट्ट होतो. बोटे चिकटली तर साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून हळूहळू सोडवा. नखांचा रंग काढायचे द्रावण बोटांना चालते, डोळ्यांना आणि ओठांना अजिबात नाही. फरशीवर सांडला तर खिडक्या उघडा, पण सुती फडक्याने किंवा कापसाने पुसू नका. कापसाशी त्याची इतक्या वेगाने प्रक्रिया होते की धूर निघतो, हात भाजतो. सुती कपड्यावर सांडला तर कपडा लगेच अंगावेगळा करा. कातडीला चिकटला असेल तर ओढू नका, त्यावर भरपूर पाणी ओता. फरशीवरचा डाग कडक होऊ द्या, मग खरवडा.

आता धानाच्या रोवणीचे. चिखलात राबून टाचांना भेगा पडतात आणि काही जण त्या याच नळीने बुजवतात. डॉक्टरही जखम चिकटवतातच की, असे मला ऐकवले जाते. खरे आहे, पण ते निर्जंतुक आणि वेगळ्या रसायनाचे असते. घरच्या नळीने घाण आत कोंडते. मधुमेह असलेल्याला तर आतले दुखणेही कळत नाही. टाच कोमट पाण्यात भिजवा, व्हॅसलीन लावा.

माझ्या मते नळीवर डोळ्याचे ठळक चित्र छापणे सक्तीचे करायला हवे. बारीक अक्षरांतली सूचना कोण वाचतो? दुकानदारांनीही ती गोळ्या-चॉकलेटांच्या बरणीशेजारी टांगू नये, लहान पोरांच्या हाती देऊ नये.

आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा फळीवरची नळी तशीही लवकर निकामी होते. उघडलेली नळी टोक पुसून, टोपण लावून, घट्ट झाकणाच्या डब्यात उभी ठेवा. न उघडलेली फ्रिजमध्ये टिकते, फक्त औषधांच्या कप्प्यात ठेवू नका.